चकलीच्या वाटचा प्रसाद

कालपासून बर्फ पडायला लागलाय आणि आज सकाळी सांगलीहून आईंचा फोन आला. आई म्हणजे माझ्या सासूबाई. आवाजात असा उत्साह, की मला वाटलं कुणाचं तरी लग्न ठरलं. तर परवा चकलीला जाऊन वर्ष होतंय, म्हणून त्यांनी बेत केलाय. कॉलनीत सात-आठ भटकी कुत्री आहेत, त्या सगळ्यांना शिरा घालायचा. साधासुधा नाही, सत्यनारायणाला करतात तसा, सव्वाच्या मापाचा, साजूक तुपातला. तासगावहून भावानं खास बेदाणे पाठवलेत, ते मुठीमुठीनं घालायचे. "आपल्या चकलीला किती आवडला होता गं," म्हणाल्या.

मी "हो आई" म्हटलं, मीटिंग सुरू होतेय असं सांगितलं आणि फोन ठेवला. मीटिंग कसली डोंबलाची, शनिवार आहे आज.

चकली आमची कुत्री. आणि ती त्या शिऱ्यानंच गेली. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषासारखे असतात, त्यांच्या किडन्या बंद पडतात, हे मला वर्षापूर्वी माहीत नव्हतं. आता झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आमच्या घरात हे तिघांना ठाऊक आहे: मला, माझ्या नवऱ्याला, म्हणजे अभयला, आणि आमच्या तेरा वर्षांच्या ईराला. ज्यांच्या हातून तो शिरा तिच्या वाटीत पडला, त्या आईंना मात्र ठाऊक नाही. त्यांना आम्ही सांगितलंच नाही. म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर नको म्हणून वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसलो, आणि आता परवा त्याच मायेनं, त्याच हातांनी, तेच वाढलं जाणार आहे. सांगावं तर आईंचं काय होईल, आणि न सांगावं तर त्या मुक्या जिवांचं काय होईल. मधे फक्त उद्याचा रविवार आहे.

डिसेंबर आला की आमचं ॲन आर्बर, म्हणजे अमेरिकेतलं हे विद्यापीठाचं गाव, भराभर रिकामं होतं. परीक्षा संपतात, पोरं चाकांच्या बॅगा खडखडवत घरी जातात, आणि बसमध्ये ड्रायव्हर आणि मी असे दोघंच उरतो. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ फेकलेलं असतं, ते बुटांबरोबर घरात येतं आणि लाकडी जमिनीवर पांढरे डाग पडतात. शेजारच्या घरांवर दिव्यांच्या माळा चढतात. मी नागपूरची. लहानपणी सकाळी तोंडातून वाफ निघाली की आम्ही शाळेत एकमेकींना दाखवायचो, आणि त्याला थंडी म्हणायचो. इथं पहिल्या हिवाळ्यात नाकातलं पाणी गोठलं तेव्हा कळलं की आपलं आयुष्यभर हसं झालंय. पण सवय होते. माणसाला कशाचीही सवय होते, दुपारी साडेचारला दिवे लावायची सुद्धा.

गेल्या डिसेंबरची मात्र सवय झाली नाही अजून.

तेव्हा अभय इथं नव्हता. नोव्हेंबरात तो व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला भारतात गेला, पंधरवड्यात परत येतो म्हणून. तिथं पोचल्यावर ईमेल आली की मुलाखत पुढं ढकलली आहे. किती पुढं, तर थेट वसंतात. कारण काही नाही, माफी नाही, नुसती नवी तारीख. कंपनीनं आधी समजून घेतलं, मग समजून घेणं हळूहळू कमी केलं. त्याची नोकरी गेली तर माझं आणि ईराचं इथं असणंही गेलं, कारण आमचे कागद त्याच्या कागदांना बांधलेले. आणि आई त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या. म्हणजे बघा, आई माझ्याकडे मिशिगनमध्ये, आणि त्यांचा लेक सांगलीत त्यांच्या रिकाम्या घरात, त्यांच्याच खुर्चीत बसून, रात्रपाळीचं काम करतोय. आई रोज फोनवर त्याला सांगायच्या, मोरीतला नळ घट्ट बंद कर, तुळशीला पाणी घाल, खालच्या काकूंचा डबा धुऊन दे.

घरात टीव्ही लागायचा नाही, पण बातम्या फोनमधून गळतच असायच्या. आज हा नियम, उद्या तो नियम, परवा दोन्ही मागे घेतले, तेरवा पुन्हा लागू. कुणाच्या ओळखीतल्या कुणाला विमानतळावरून परत पाठवलं. कुणाला कामावरून काढलं, मग त्याच्या हाताखालच्याला काढलं. ग्रुपवर लोक घाबरवून सोडायचे आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकायचे. चिडचिड व्हायची माझी. मला मुळात राग पटकन येतो, आणि त्या महिन्यात तर नाकावरच होता. ईराचा अभ्यास, बर्फ उपसणं, ऑफिस, आईंच्या गुडघ्याचं मलम, सगळं एकटीनं. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते त्या दिवसांत कळलं.

आईंना सोबत होती ती चकलीची. शेपटी गोल वळलेली म्हणून ईरानं हे नाव ठेवलं होतं. आम्ही तिला प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणलं तेव्हाच ती वयानं बऱ्यापैकी होती, आकारानं लहान, रंगानं तांबूस आणि स्वभावानं भित्री. आई आल्या तेव्हा पहिला आठवडा "कुत्रं कधी सोफ्यावर बसतं होय?" याच्यातच गेला. देवघराच्या कोपऱ्यात तिला बंदी. स्वयंपाकघरात बंदी. मग अभय गेला, मी ऑफिसात, ईरा शाळेत, आणि दिवसभर या दोघीच घरात. एकदा लवकर घरी आले तर आई पोळ्या लाटता लाटता चकलीला वर्गातल्या मुलीसारखं रागवत होत्या. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई ती. "बघ की इकडं. लक्ष कुठं आहे तुझं?" चकली मान तिरकी करून ऐकत होती. ईरा आजीला इंग्रजीत उत्तर द्यायची, मी घाईत अर्धं उत्तर द्यायचे. पूर्ण ऐकून घेणारी तेवढी एकच होती घरात. काही दिवसांनी आई ईराचं जुनं जाकीट साडीवर चढवून, पायात बर्फाचे बूट घालून तिला फिरवायला न्यायला लागल्या. समोरच्या घरातली बाई मला म्हणाली, तुमच्या सासूबाई फार छान दिसतात. मी आईंना सांगितलं तर म्हणाल्या, मला नाही, चकलीला म्हणाली असेल.

मग सत्यनारायण घालायचं ठरलं. अभय सुखरूप परत यावा म्हणून. मी पूजेबिजेतली नाही, पण त्या वेळी कुणी उलटं टांगून घ्यायला सांगितलं असतं तरी घेतलं असतं. गुरुजी सांगलीचे, टॅबलेटच्या पडद्यावर. शेजारच्या चौकटीत अभय, अंगावर उपरणं, डोळे तारवटलेले. खिडकीबाहेर धुवांधार बर्फ आणि आत गॅसवर रवा भाजल्याचा वास. आईंनी शिऱ्याला हात सढळ सोडला होता. बेदाणे त्यांनी बॅगेतून आणलेले, माहेरच्या बागेतले, लांबट, हिरवट, मऊ. "असे तुमच्याकडे मिळायचे नाहीत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असत.

आणि प्रसादाबद्दल आई फार काटेकोर. कथेत नाही का, प्रसाद न घेता एक बाई धावत सुटते आणि किनाऱ्याला लागलेली नवऱ्याची नाव दिसेनाशी होते. आईंचा लेक पलीकडच्या किनाऱ्यावर अडकलेला. घरातल्या एकाही जिवानं प्रसादावाचून राहायचं नाही, असं त्यांनी पूजा ठरल्या दिवसापासून बजावलं होतं. पार्सल द्यायला आलेल्या मुलीलाही त्यांनी दारातच द्रोण दिला. तिनं बिचारीनं हातमोजे काढून खाल्ला आणि अंगठा वर केला. मी मग ओळखीच्या चार घरी डबे पोचवायला गाडी काढून गेले. परत आले तेव्हा चकलीची वाटी चाटूनपुसून लख्ख होती आणि आई समाधानानं म्हणाल्या, "तिच्या वाटचा तिला दिला हो." मला छान वाटलं. खरंच छान वाटलं. कुत्र्यांना चॉकलेट देऊ नये एवढंच मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती ओकली. आई म्हणाल्या, तूप जास्त झालं असेल. मलाही तसंच वाटलं. बाहेर वादळ, रस्ते बंद, शनिवार-रविवार. आईंनी तिची दृष्ट काढली. ती पाणी पीत होती पण लघवीला जात नव्हती, हे ईराच्या लक्षात आलं. सोमवारी रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही तिघी तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टर तरुण मुलगी होती, चकलीशेजारी जमिनीवरच मांडी घालून बसली. तिनं विचारलं, वेगळं काही खाल्लं का? मी सांगायला लागले. रवा, तूप, साखर, केळं, वेलची. बेदाणे म्हटलं आणि तिचा लिहिता हात थांबला. मग ती हळू आवाजात बोलायला लागली. आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी वाचता येतं, पण इथल्या लोकांचं भराभर बोललेलं कळत नाही. त्या माझ्या, ईराच्या आणि डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय म्हणाली गं डॉक्टर?"

खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं. सगळा महिना, सगळा राग, त्यांच्या लेकाचा व्हिसा, त्यांचे बेदाणे, त्यांचा काटेकोरपणा, सगळं एकदम ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी ईरा बोलली. आजीला कधी धड मराठीत उत्तर न देणारी माझी पोर, जिची ती कुत्री होती, जिच्या उशाशी ती झोपायची, ती आजीकडे बघून म्हणाली, "म्हातारी झाली आहे म्हणाली, आजी. किडनी जुनी झाली."

आणि माझ्याकडे वळून तिनं असं बघितलं, की मी तोंड मिटलं.

सलाईन लावलं, यंत्रं लावली, फोनवर फोन झाले. काही उपयोग झाला नाही. शेवटी दवाखान्यातल्यांनी विचारलं की तिला आता इंजेक्शन देऊन सोडवायचं का. आम्ही तिघी पुन्हा गेलो. आई तिच्या कानामागे बोट फिरवत "नीज गं बाय, नीज" म्हणत राहिल्या. ईरा रडली नाही. घरी येऊन तिनं जमिनीवरचे मिठाचे डाग पुसले, सगळ्या खोल्यांतले, आणि मग जाऊन झोपली.

थोड्याच दिवसांत अभयची मुलाखत अचानक अलीकडे आली. व्हिसा मिळाला, तो परत आला. आईंनी हिशेब मांडला तो असा, की माझ्या लेकावरचं संकट त्या मुक्या जनावरानं अंगावर घेतलं. सांगलीला परतायला विमानतळावर निघताना त्या चकलीच्या फोटोच्या पाया पडल्या. मी बाजूला उभी होते. मला ओरडावंसं वाटत होतं आणि त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीच केलं नाही, बॅगेला कुलूप लावून दिलं.

यंदा अभय घरात आहे. मघाशी बाहेर बर्फ उपसत होता. आत आला तेव्हा मी त्याला आईंचा बेत सांगितला, तर तो बूट न काढताच खुर्चीत बसला. आधी म्हणाला, नुसतं सांग की कुत्र्यांना गोड देऊ नये, त्यापेक्षा भाकरी घाला. मी म्हटलं, ऐकतील? वर्षाचं आहे, गोडच हवं म्हणतील. मग म्हणाला, बेदाणे वगळा म्हणावं. म्हटलं, अरे, तीस वर्षं गणित शिकवलंय त्यांनी. बेदाणे वगळा म्हटलं की त्या विचारणार, का? आणि त्या 'का'चं उत्तर दिलं की पुढचं त्या स्वतःच सोडवणार. तो बराच वेळ हातमोजा उलटासुलटा करत राहिला. मग म्हणाला, "आपल्याला जाता येत नाही तिच्याजवळ. हे असं फोनवर सांगायचं आणि फोन ठेवून द्यायचा?"

कंपनीच्या वकिलांनी सगळ्यांना बजावलंय की यंदा कुणी देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत यायची खात्री नाही. आईंचं वय झालंय. गुडघे गेलेत, बीपी वर-खाली होतं. पूर्वी लोक म्हणायचे, एक विमान पकडलं की आलो. आता विमान आहे, पैसे आहेत, रजा आहे, आणि तरी जाता येत नाही. घरात आपण उबेला बसलोय, आणि बाहेर सगळं जग कड्या लावत सुटलंय असं वाटतं. मला कुणाचा राग येतो तेही धड कळत नाही. सरकारचा, त्या तारखांचा, की तासगावच्या वाऱ्याचा, ज्यात ते बेदाणे वाळले.

कालचा शनिवार असाच गेला. सांगण्यावाचून दुसरं काही कुणाला सुचलं नाही. ईराच्या कानावर आमचं बोलणं गेलं होतं, हे मला तिनं अर्धवट टाकलेल्या जेवणावरून कळलं.

आज रविवार. सकाळी मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ. अभय माझ्याशेजारी ओट्याला टेकून उभा, ईरा टेबलाशी दूध-सीरियल खात बसलेली. आईंनी रवा भाजून ठेवला होता, उद्यासाठी. मी म्हटलं, "आई, शिऱ्यात बेदाणे घालू नका. कुत्र्यांना ते चालत नाहीत. किडन्या जातात."

मागे त्यांच्या घरातल्या पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ईराला माहीत आहे?"

मी हो म्हटलं.

"दे तिला."

ईरानं चमचा खाली ठेवला आणि फोन घेतला. मला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त आमच्या पोरीचं अडखळत जाणारं मराठी ऐकू येत होतं. "हो आजी." मग बराच वेळ काही नाही. "नाही आजी, तू नाही." पुन्हा काही नाही. मग ती खिडकीकडे वळली, आमच्याकडे पाठ करून, आणि म्हणाली, "मी पण दिला होता, आजी. तू देवाजवळ बसली होती तेव्हा. माझ्या वाटीतला. तिला अजून पाहिजे होता."

अभयनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी घरात नव्हते, डबे पोचवत फिरत होते. त्या दुपारी काय झालं ते या दोघींनाच माहीत, आणि चकलीला. हे खरं असेल तर माझ्या पोरीनं हे वर्षभर एकटीनं पोटात ठेवलं, आणि दवाखान्यात आजीला वाचवताना ती स्वतःलाही वाचवत होती. आणि खोटं असेल, तर तेराव्या वर्षी, आमच्यासमोर उभं राहून, तिनं आजीचं अर्धं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं.

ती अजून बोलतेय. हळूहळू, शब्द शोधत. मी तिला हे कधीच विचारणार नाही.